हवालदारसाहेबांचा उजवा खांदा

ठासणीची बंदूक मला नवी नव्हती. आमच्या दोडामार्गाकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती बऱ्याच घरांत असते. डुकरं, वानरं, गवे आणि आता हत्तीसुद्धा! निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची, हे लहानपणापासून बघत आलो. आजोबा बार मोजायचे तो बोटांनी. दारू, बोळा आणि छर्रे ठासून झाले की गज नळीच्या तोंडाबाहेर किती बोटं उरतो ते बघायचे. बाहेर चार बोटं आली की म्हणायचे, आता झाला बार. दुसऱ्या दिवशी खांदा काळानिळा झालेला असायचा आणि आजी हळद गरम करत असायची. आजोबांना त्या काळ्यानिळ्या खांद्याचं कौतुकच होतं.

पण बंदुकीचा बार आणि माणसाचा खांदा यांचं गणित मी नीट शिकलो ते नागालँडात, मोन जिल्ह्यात, २००६ च्या हिवाळ्यात. आणि शिकलो ते एक चूक करून.

आसामातल्या सोनारीहून तिझितमार्गे वर चढलं की कोन्याक नागांचा मुलूख लागतो. ताडाच्या जातीच्या टोकू पानांनी शाकारलेली लांबलचक घरं, डोंगरउतारावर झूमची शेती, प्रत्येक गावात एक चर्च. कोन्याक लोक बंदुका करण्यात पिढ्यान्‌पिढ्या तरबेज. लोहाराच्या भात्यावर केलेली त्यांची लांब नळीची ठासणीची बंदूक मी हातात घेतली तेव्हा आमचा आर्मोरर म्हणाला होता, "साहेब, लेथ मशीन नसताना हे केलंय, विश्वास बसत नाही." मी तेव्हा नायब सुभेदार होतो आणि पोस्टचा सीनियर जेसीओ. त्याआधी काही वर्षं वेपन ट्रेनिंगचा उस्ताद म्हणून काढलेली, त्यामुळे कुणाच्याही खांद्यावर बंदूक दिसली की आधी दस्ता कुठे टेकलाय ते बघायची खोड लागलेली.

गावात आसाम रायफल्सचे एक पेन्शनर हवालदार होते. सत्तरीला आलेले, ठेंगणे, पायाच्या पोटऱ्या दगडासारख्या. रविवारी चर्चनंतर पोस्टच्या गेटवर यायचे, आमच्या लंगरचा चहा प्यायचे आणि जुन्या पलटणीच्या गोष्टी सांगायचे. मी त्यांना हवालदारसाहेब म्हणायचो, ते मला उस्ताद. त्यांच्या घराच्या पुढच्या भिंतीवर मिथुनाच्या आणि रानडुकरांच्या कवट्यांची ओळ होती. शिकारी माणूस. पण मी ओळखायला लागलो तोवर शिकार जवळजवळ सुटली होती. वन्यजीव कायदा आहेच, शिवाय गावच्या कौन्सिलनेही बंदी घातलेली. परवान्याची बंदूक आता उरली होती ती झूमच्या शेतावर राखणीला. भात दाण्यावर आलं की डुकरांचा कळप रात्रीत उभं पीक झोपवून जातो. त्यांना हाकलायचं.

आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आओलिंगचा सण. पेरणी झाल्यावर येणारा कोन्याकांचा हा वर्षातला मोठा सण. नाच चालतो तेव्हा डोक्यावर धनेशाची पिसं लावलेले पुरुष ओळीने उभे राहून बार काढतात. त्यात वयस्क माणसाचा बार फुसका निघाला तर पोरं हसतात.

डिसेंबरातल्या एका रविवारी हवालदारसाहेबांनी चहाचा मग डाव्या हातात घेतला. मी बघितलं, पण बोललो नाही. पुढच्या रविवारीही डावाच. तिसऱ्या रविवारी विचारलं, तर म्हणाले, "उस्ताद, राइफल नहीं मारता था। ये मारता है।" शर्ट बाजूला करून दाखवलं. खांद्याच्या गोळ्यावर हिरवट-पिवळा डाग, आणि हात खांद्याच्या वर जाईना. आमच्या नर्सिंग असिस्टंटने तपासलं. त्याच्या मते आतले स्नायू फाटलेले होते, एकदा कधीतरी सांधाही निखळून गेलेला असावा. मोनच्या डॉक्टरांकडे जा म्हटलं, तर ते हसले. नातू दिमापूरला शिकत होता. मुलगा लवकर गेला होता. शेतावर रात्री जायला दुसरं कोणी नव्हतं.

मग मी म्हटलं, बघतो काय करता येतं ते. कंपनी कमांडरसाहेबांना विचारून ठेवलं. एक गोष्ट पक्की केली, त्यांची बंदूक आमच्या कोतात येणार नाही. जे करायचं ते त्यांच्या अंगणात.

सगळ्यात सोपा उपाय मलाही आधी सुचला तोच, डाव्या खांद्यावरून मारा. पण या बंदुकीचा घोडा आणि टोपी बसवायची निप्पल उजव्या बाजूला. डाव्या खांद्याला लावली की टोपीचे तुकडे आणि ठिणगी तोंडासमोरून उडते. त्यात त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. तो विषय तिथेच संपला.

आता माझी चूक सांगतो. बंदुकीचा दस्ता अरुंद होता, जेमतेम दोन बोटांचा, आणि टाचेला टोक आलेलं. तो दणका नव्हे, खिळाच. म्हणून मी जुन्या मॅट्रेसचा स्पंज घेऊन दस्त्याला चांगली दोन इंच जाड गादी बांधली, वरून कॅनव्हास. हाताने दाबली तर मऊ, छान. हवालदारसाहेबांनी त्यांच्या नेहमीच्या बारावर एक फायर काढला आणि बंदूक हातातून सोडून खाली बसले. मी धावलो. हात कोपरातून धरून ते डोळे मिटून बसले होते. पाचेक मिनिटं काही बोललेच नाहीत. त्यांची सून दारातून बघत होती, तिची नजर मला अजून आठवते.

रात्री पोस्टवर बसून मी विचार केला, काय चुकलं. दोन गोष्टी चुकल्या होत्या. एक, मऊ स्पंज दणक्याच्या पहिल्याच क्षणात पूर्ण चेपला जातो. त्यानंतर दस्ता वेग घेऊनच खांद्यावर आदळतो, म्हणजे गादी असून नसल्यासारखी. दुसरी चूक मोठी. दोन इंच गादी लावली म्हणजे दस्ता दोन इंच लांब झाला. ठेंगण्या माणसाचा हात घोड्यापर्यंत पोचायला ताणला गेला, आणि दस्ता खांद्याच्या खोबणीतून सरकून दंडाच्या गोळ्यावर गेला. नेमका जिथे सांधा कमजोर, तिथे. रिक्रूटांना वर्षानुवर्षं ओरडून सांगितलेली गोष्ट, की दस्ता कॉलरबोनच्या खाली, छातीच्या बाजूच्या खोबणीत घट्ट बसवा, तीच मी स्वतः विसरलो.

दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली. म्हणाले, "कोई बात नहीं, उस्ताद। कंपनी में भी पहला ग्रुप बाहर जाता है।"

मग शिस्तीत कामाला लागलो. आधी बार मोजायचा. त्यांच्याकडे दारूसाठी बांबूचं एक छोटं माप होतं आणि छर्ऱ्यांसाठी दुसरं. आमच्या रेशनच्या काट्यावर एवढं हलकं वजन कळत नाही, म्हणून दहा मापं एकत्र तोलली आणि दहाने भागलं. दारू सात ग्रॅम, छर्रे बत्तीस ग्रॅम. बंदूक पावणेतीन किलो, एवढ्या लांब नळीच्या मानाने हलकी. नळीतून सुटणाऱ्या मालाचा वेग मोजायला साधन नव्हतं, तो सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास धरला आणि वहीत ढोबळ हिशेब मांडला. पुढे जे जातं त्याचं वजन गुणिले वेग, तेवढाच झोक बंदुकीला मागे मिळतो. काळ्या दारूचं एक वैशिष्ट्य असं की ती जळाली तरी अर्ध्याहून जास्त घनच राहते, तोच तो पांढरा धूर आणि नळीतली काजळी. म्हणजे दारूचं वजनसुद्धा नळीतून फेकलं जातं आणि दणक्यात मोजावं लागतं. सगळं धरून बंदूक खांद्यावर सदतीस जूलच्या आसपास ऊर्जा टाकत होती. तुलनेसाठी आमची जुनी ७.६२ एसएलआर घेतली. नऊ-साडेनऊ ग्रॅमची गोळी, भरलेली रायफल सुमारे पाच किलो, हिशेब तेरा-चौदा जूलवर आला. मी वही हवालदारसाहेबांना दाखवली. एसएलआरच्या पावणेतीनपट! ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, बापाने शिकवलेलं माप आहे, कमी कसं करू?

इथे खरी अडचण होती. लाकूड आणि रबर कापता येतं, बापाचं माप कापता येत नाही. शिवाय त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. डुकरं छर्ऱ्याला नाही, आवाजाला पळतात. दारू कमी केली की आवाज कमी, आवाज कमी की कळप हलत नाही आणि गाव म्हणतं, म्हाताऱ्याची बंदूकही म्हातारी झाली.

आठवडाभर हे डोक्यात घोळत होतं. एका संध्याकाळी रॉकेट लाँचरची सफाई चालू होती. वाचकांतल्या माजी सैनिकांना ८४ मिलिमीटरचं कार्ल गुस्ताफ आठवत असेल. केवढा प्रचंड आवाज, कानठळ्या बसतात, पण खांद्याला दणका जवळजवळ नाहीच, कारण वायू मागच्या तोंडाने निघून जातो आणि हिशेब बरोबरीत सुटतो. त्या जवानाकडे बघता बघता डोक्यात प्रकाश पडला. आवाज आणि दणका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत! आवाज होतो दारूचा. दणका बसतो तो मुख्यतः शिशाचा.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात आधी फक्त दारू आणि वर घट्ट बोळा, छर्रे नाहीत, असा बार मी स्वतः काढला. डोंगर दणाणला. खांद्याला नुसता धक्का. हवालदारसाहेबांनी बंदूक माझ्या हातातून घेतली, नळीच्या तोंडाशी वास घेतला आणि पहिल्यांदा मोठ्याने हसले.

तेव्हा ठरलं ते असं. डुकरं हाकलायला आणि आओलिंगला पूर्ण माप दारू, पण छर्रे नाहीत. छर्रे घालायचेच असले तर लहान माप, साडेचार ग्रॅम दारू आणि बावीस ग्रॅम छर्रे. ती दोन नवी मापं बांबूची कापली.

मग दस्ता. आमच्या सुताराने टाचेकडून इंचभर लाकूड कापलं आणि त्या जागी चार बोटं रुंद अशी सागाची सपाट टाच बसवली, वर अर्धा इंच जाड कडक रबर, जुन्या बुटाच्या सोलचं. लांबी मुद्दाम आधीपेक्षा थोडी कमीच ठेवली, कारण थंडीत जाड जॅकेट घातलं की दस्ता आपोआप लांब होतो. रुंदी दुप्पट झाली, म्हणजे तोच दणका दुप्पट जागेवर पसरला. टाच बसवायच्या आधी दस्त्यात दोन लांब भोकं पाडून शिशाच्या कांड्या घट्ट ठोकल्या होत्या, मिळून अर्धा किलो. शिसं बांबूच्या नळीत ओतून कांड्या केल्या. लाकडात थेट ओतलं असतं तर दस्ता जळून चिरला असता. वजन वाढलं की बंदूक मागे येते ती हळू. मला भीती होती की म्हाताऱ्याला ती जड होईल. झालं उलटंच. आधी सगळा भार लांब नळीमुळे पुढे होता, हात वर उचलून धरायलाच दुखायचं. आता भार मागे आल्याने नळी हलकी वाटायला लागली. तरीही शेतावर मचाणाजवळ एक बेचकं रोवून दिलं, नळी त्यावर टेकवायची आणि बसून मारायचं. बसलेलं अंग दणक्याबरोबर मागे डोलतं. आपण फौजी लोक झोपून मारायला शिकतो, पण आडवं पडलेल्या माणसाच्या खांद्याला मागे जायला जागाच नसते, सगळं त्यानेच सोसायचं.

लहान बाराचा हिशेब पुन्हा केला, तेरा जूलच्या आसपास. म्हणजे एसएलआर. "ये तो हमारा पुराना दोस्त है," हवालदारसाहेब म्हणाले.

यातली एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण गावाकडून मला अजून फोन येतात. ठासणीच्या बंदुकीत काडतुसातली बिनधुराची दारू कधी, कितीही कमी, घालायची नाही. "थोडीशी घातली तर दणका कमी बसतो" असं मला मोनमध्येही सांगणारा भेटला आणि दोडामार्गातही. ती दारू वेगळ्याच दाबाने पेटते, नळी फुटते आणि मग खांद्याचा प्रश्न उरत नाही. दुसरं, गजावर दोन खुणा करून ठेवा, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या बाराची. बार आधीच भरलाय हे विसरून वर दुसरा ठासणारे अनुभवी लोकच असतात. आणि बोळा दारूवर टेकेपर्यंत खाली गेला पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते. आजोबांची बोटं मोजायची पद्धत त्या एका कामासाठी चांगलीच होती म्हणा.

फेब्रुवारीत एकदा बेचकं नीट करून आम्ही शेतावरून परत येत होतो. मी पिठ्ठू पाठीवर घेतला. उजवा हात पट्ट्यात घालताना मी तो डाव्या हाताने कोपरातून धरून वर ढकलला. सवयीने. हवालदारसाहेब थांबले.

"उस्ताद, आपका भी?"

माझा खांदा दोन वर्षांपूर्वी एका ओल्या उतारावर घसरताना निखळला होता. तेव्हा बसवला, पण नंतर आणखी तीनदा सुटला, दोनदा मी स्वतःच बसवला. युनिटमध्ये माझ्या सेक्शनच्या एका जुन्या जोडीदाराशिवाय कोणाला माहीत नव्हतं. लो मेडिकल कॅटेगरी लागली असती तर सुभेदारीच्या प्रमोशनचा प्रश्न होता. फायरिंगच्या दिवशी मी क्रेप बँडेज आतून गुंडाळायचो आणि रेंजवर बाकीच्यांना दस्ता कुठे टेकवायचा ते शिकवायचो. मी हवालदारसाहेबांना डॉक्टरकडे जा म्हणालो होतो तेव्हा ते का हसले, ते मला त्या वाटेवर कळलं. त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. मी त्यांच्या चहाच्या मगाकडे बघत होतो, ते माझ्या.

ते जास्त काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "मेरा तो बंदूक छोटा कर दिया आपने। आपका कौन करेगा?"

एप्रिलमध्ये आओलिंग आला. कंपनीला बोलावणं होतं. ढोल, नाच, डोक्यांवर पिसं, हातात दाव आणि भाले. बंदुकींची ओळ उभी राहिली तेव्हा हवालदारसाहेब शेवटून तिसरे होते. पूर्ण माप, घट्ट बोळा, छर्रे नाहीत. त्यांनी दस्ता खोबणीत बसवला, गाल टेकवला. मी श्वास धरून बघत होतो. बार निघाला आणि धुरात ते क्षणभर दिसेनासे झाले. धूर विरला तेव्हा ते दुसरा बार भरत होते. त्या दिवशी त्यांनी चार बार काढले. बाजूच्या एका तरुणाने खांदा चोळला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

सणानंतरच्या सोमवारी मी सिक रिपोर्ट केलं. नर्सिंग असिस्टंट माझ्याकडे बघतच राहिला. जोरहाटला जायची गाडी दोन दिवसांनी होती. पुढे ऑपरेशन झालं, सहा महिन्यांची टेम्पररी कॅटेगरी लागली, प्रमोशन एक वर्ष उशिरा आलं. पण आलं.

गाडी निघायच्या सकाळी हवालदारसाहेब गेटवर आले होते. उजव्या हाताने सॅल्यूट केला, कोपर पूर्ण वर नाही, पण बराच वर. मग खिशातून सात ग्रॅमचं ते जुनं बांबूचं माप काढून माझ्या हातात ठेवलं. मी म्हटलं, सणाला पूर्ण माप लागेल ना? त्यावर म्हणाले, छोट्या मापाने दीड घातलं की तेवढंच होतं, मोजून बघितलंय. "ये घर में रहेगा तो किसी दिन छर्रा भी इसी के साथ डाल दूँगा।"

घरी आल्यावर मी वडिलांच्या बंदुकीचा बार दहा वेळा तोलला आणि त्यांच्यासाठी वेगळं माप कापलं. वडील आठ दिवस बोलले नाहीत.